दादर-परळ-सायन पट्ट्यात स्टेशनजवळ भाड्याने द्यायला फ्लॅट घेताय? मग हे बघून घ्या

मुंबई शहरात, म्हणजे इकडे भायखळ्यापासून माहीम-सायनपर्यंत आणि फारतर पलीकडे चुनाभट्टी-कुर्ल्यापर्यंत, गुंतवणूक म्हणून फ्लॅट बघायला निघालात की प्रत्येक ब्रोकरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "साहेब, स्टेशन पाच मिनिटं." आणि गंमत म्हणजे ते बहुतेकदा खोटंही नसतं. मध्य रेल्वेची भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर, माटुंगा, सायन, त्याला समांतर पश्चिम रेल्वेची महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, दादर, माटुंगा रोड, माहीम, पूर्वेला हार्बरची रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा, किंग्ज सर्कल, आणि आता जमिनीखालून मेट्रो ३. या पट्ट्यात स्टेशनपासून लांब घर शोधायचं म्हटलं तरच कष्ट पडतील. त्यामुळे "स्टेशनजवळ आहे" हे इथे घर घ्यायचं कारणच होऊ शकत नाही, ते सगळ्यांकडे आहे आणि भावात आधीच धरलेलं आहे. फरक पडतो तो बिल्डिंगच्या गेटपासून प्लॅटफॉर्मपर्यंतचा रस्ता कसाय आणि बिल्डिंगचे कागद कसेत यानं. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग वगैरे सगळं नंतर.

आणि एक आधीच सांगून टाकतो, हे सगळं भाड्याने द्यायला घेणाऱ्यांसाठी आहे. स्वतः राहायला घेत असाल तर तुमची शाळा, आईवडील, देऊळ, मासळीबाजार जे काय असेल ते बघून घ्या, त्याला हा हिशोब लावू नका.

आधी भाडेकरू कोण ते ठरवा

बहुतेक लोक एरिया ठरवतात आणि मग भाडेकरू शोधतात, करायचं उलटं. परळला केईएम, टाटा, वाडिया अशी हॉस्पिटलं एकमेकांना लागून आहेत, तिथे रेसिडेंट डॉक्टर, नर्सेस, लॅबवाले यांना चालत जाता येईल असं घर हवं असतं, रात्रीअपरात्री ड्यूटी असते, त्यांना ट्रेनशी फार घेणंदेणंच नसतं. टाटाला ट्रीटमेंटसाठी बाहेरगावाहून आलेली कुटुंबं पण दोन-चार महिन्यांसाठी घर शोधत असतात, पण त्या भाड्याला सोसायटी तयार हवी आणि तुमची दर वेळी कागद करायची तयारी हवी. माटुंग्याला व्हीजेटीआय, आयसीटी, रुईया, पोदार, खालसा म्हणजे पोरंपोरी, म्हणजे एका टू बीएचकेत चार जण, म्हणजे सोसायटी बॅचलर चालवून घेते का हा पहिला प्रश्न. लोअर परळ आणि बीकेसीची (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) ऑफिसं म्हणजे पगारदार जोडपी, ते भाडं चांगलं देतात पण त्यांना लिफ्ट, चोवीस तास पाणी, एसीची सोय सगळं लागतं, आणि जरा दुसरीकडे बरं मिळालं की जातात.

हे ठरलं की त्या माणसाला सकाळी कुठे जायचंय ते कळतं, आणि मग कुठली लाईन, कुठलं स्टेशन हा प्रश्न पटकन सुटतो. सोसायटीला बॅचलर चालत नाहीत, नॉनव्हेज खाणारे चालत नाहीत असले अलिखित नियम असतात, ते टोकन द्यायच्या आधी सेक्रेटरीला भेटून विचारून घ्यायचे. ब्रोकरला विचारून उपयोग नाही, तो सगळ्याला हो म्हणतो.

सगळी स्टेशनं सारखी नसतात

नकाशावर सगळे ठिपके सारखेच दिसतात, दुरून डोंगर साजरे. दादर, भायखळा, कुर्ला इथे फास्ट लोकल थांबते, चिंचपोकळी, करी रोड, माटुंगा, सायन ही स्लोची स्टेशनं. भाडेकरूचं ऑफिस ठाण्याला असेल तर सायनहून एक तर पूर्ण प्रवास स्लोनं करायचा किंवा मध्ये उतरून गाडी बदलायची, हा रोजचा वैताग आहे आणि तो भाड्यात दिसतो. हार्बर म्हणजे गाड्यांमधलं अंतर जास्त, एक चुकली की घड्याळ बघत उभं राहायचं, पण वाशी-नेरूळ-पनवेलकडे नोकरी असणाऱ्याला वडाळा, चुनाभट्टी सोन्यासारखं. आणि माहीमला पश्चिम रेल्वेसोबत हार्बरच्या गाड्या पण थांबतात हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही मिळतात म्हणून दादर महाग, ते बरोबरच आहे. पण दादरला हार्बर नाही. दादर पूर्वेचा ब्रोकर जेव्हा "तिन्ही लाईन जवळ" म्हणतो तेव्हा तो वडाळ्यापर्यंतची टॅक्सी पण त्यात धरत असतो.

मेट्रो ३ चं बघा. काम २०१६-१७ च्या सुमारास सुरू झालं, आरे ते बीकेसी ऑक्टोबर २०२४ ला चालू झालं, मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं. ज्या भागात लोकल नव्हती तिथे तिनं खरा फरक पाडला, म्हणजे वरळी, सिद्धिविनायकाच्या आसपासचं प्रभादेवी, माहीमची शीतलादेवीची बाजू, गिरगाव, काळबादेवी. दादरला, ग्रँट रोडला लोकल होतीच, तिथे मेट्रोनं सोय वाढली पण घराची किंमत त्यामुळे उलटीपालटी व्हावी असं काही नाही. तिकीट १० ते ७० रुपये आहे, लोकलचा सेकंड क्लास पास महिनाभर काही शे रुपयांत होतो, त्यामुळे मेट्रोवर रोज जाणारा भाडेकरू आणि लोकलवर रोज जाणारा भाडेकरू वेगळ्या पगाराचे असतात, तुमच्या फ्लॅटचं भाडं २५ हजार असेल तर जाहिरातीत मेट्रो लिहून फारसं काही हाती लागत नाही.

आता मोनोरेल. चेंबूर ते वडाळा फेब्रुवारी २०१४ ला सुरू झाली, पुढे संत गाडगे महाराज चौकापर्यंत यायला मार्च २०१९ उजाडलं. त्या मधल्या काळात भक्ती पार्क, अँटॉप हिल भागात किती तरी लोकांनी "मोनो दारात" म्हणून जादा पैसे मोजले. ऑगस्ट २०२५ मध्ये भर पावसात माणसांनी भरलेली गाडी वरच अडकली आणि २० सप्टेंबर २०२५ पासून नवीन गाड्या-सिग्नलच्या कामासाठी सेवाच थांबवली. दारातली ट्रेन कधी बंद राहील सांगता येत नाही, म्हणून माझा साधा नियम आहे, एकाच आणि त्यातही नव्या सोयीवर जगणाऱ्या एरियात भाड्यासाठी घर घ्यायचं नाही. लोकल बंद पडली तर मेट्रो, मेट्रो नाही तर बेस्ट, असा दुसरा पर्याय चालत गाठता आला पाहिजे. रविवारचा मेगाब्लॉक आठवला तरी हे पटेल.

जी लाईन फक्त जाहीर झालीय किंवा खांब उभे आहेत तिच्या नावाने एक रुपया जास्त देऊ नका. वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ चं काम किती वर्षं चालू आहे ते वडाळ्याच्या माणसाला विचारा. घोषणा झाली त्याच आठवड्यात बिल्डरनं भाव वाढवलेला असतो, म्हणजे लाईन उशिरा आली तर थांबायचा खर्च तुमचा, वेळेत आली तरी फायदा त्यानं आधीच घेतलेला.

नावांच्या भानगडी पण आहेत. आचार्य अत्रे चौक हे मेट्रोचं स्थानक वरळीला आणि आचार्य अत्रे नगर हे मोनोचं वडाळ्याला. मोनोचं "दादर पूर्व" दादर स्टेशनपासून चालत चटकन गाठता येईल असं नाही. लोअर परळला "अप्पर वरळी" म्हणणारे आहेत, वडाळ्याला "न्यू कफ परेड". पत्ता बघताना ब्रोशर बाजूला ठेवून पिनकोड आणि सी.एस. नंबर, म्हणजे जमिनीचा सरकारी सर्व्हे नंबर, बघा.

चालून बघायचं, गाडीतून नाही

सगळ्यात महत्त्वाचं आणि फुकटात होणारं काम हे आहे आणि लोक तेच करत नाहीत, ब्रोकरच्या गाडीतून येतात, एसीत बसून फ्लॅट बघतात आणि जातात. एक गोष्ट लक्षात घ्या की शहर भागात रिक्षा नाहीत. रिक्षा सायनला आणि माहीम-वांद्र्याच्या हद्दीवर संपते. बोरिवलीला, मुलुंडला स्टेशनपासून दीड किलोमीटरवर घर असलं तरी शेअर रिक्षा असते, इथे ती नाही, टॅक्सी किंवा बस, नाहीतर पाय. बेस्टचं कमीत कमी भाडं पण मे २०२५ पासून ५ चं १० झालंय, एसीचं १२. त्यामुळे इथे चालायचं अंतर उपनगरापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, आठ-दहा मिनिटांच्या पुढे गेलं की भाडेकरू भाव करायला लागतो.

तर सकाळी साडेआठला बिल्डिंगच्या गेटपासून थेट प्लॅटफॉर्मवर जाऊन उभं राहायचं. स्टेशनच्या बोर्डापर्यंत नाही, प्लॅटफॉर्मपर्यंत, कारण दादरला पुलावर चढून पलीकडे उतरून हव्या त्या प्लॅटफॉर्मवर जाण्यातच गर्दीच्या वेळी किती वेळ जातो ते कळतं. मग तोच रस्ता रात्री नऊ-साडेनऊला परत चालायचा, दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, एकट्या मुलीला यायला कसं वाटेल. फेरीवाल्यांच्या मधून छत्री घेऊन जाता येतं का हे पण बघून ठेवा. शक्य झालं तर घरातल्या बाईमाणसाला सोबत न्या, तिला पाच मिनिटांत जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

पूर्व-पश्चिम हा तर स्वतंत्र विषय आहे. रेल्वेच्या एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला ऑफिस असेल तर मधला पूल म्हणजे सगळं काही. प्रभादेवीचा, आपला जुना एल्फिन्स्टन, पूल सप्टेंबर २०२५ मध्ये शिवडी-वरळी कनेक्टरसाठी बंद केला आणि परळहून पलीकडे जाणाऱ्यांची टॅक्सी, ॲम्ब्युलन्स सगळी लांबून फिरायला लागली. सायनचा रेल्वेवरचा पूल ऑगस्ट २०२४ पासून बंद. हे पूल पुन्हा होतील, होतील तेव्हा त्या भागाला फायदाच होईल, पण तोपर्यंतची भाडी तुम्हाला धरून चालायला हवीत. घर बघताना पालिकेच्या आणि रेल्वेच्या कामांची यादी, निदान शेजारच्या दुकानदाराला तरी, विचारून घ्यायची.

रुळाला अगदी लागून असलेली बिल्डिंग मी स्वतः टाळतो. आवाजाची सवय होते म्हणतात, ते राहणाऱ्याला होते, फ्लॅट बघायला आलेल्या भाडेकरूला खिडकीतून गाडी जाताना दिसली की तो तिथेच दोन हजार कमी सांगतो. शिवाय रेल्वेच्या हद्दीला चिकटून असलेल्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंट करायचं तर रेल्वेची एनओसी लागते, मेट्रोच्या बोगद्याजवळ मेट्रोची, म्हणजे अजून दोन टेबलं वाढली. दोन गल्ल्या आत घ्या.

पावसाळ्यात एकदा जाऊन या

हिंदमाता, गांधी मार्केट, किंग्ज सर्कल, सायनचा रोड नंबर २४, ही नावं दर जुलैत टीव्हीवर असतात. पालिकेनं हिंदमाताला जमिनीखाली मोठ्या टाक्या केल्यात, पूर्वीपेक्षा पाणी लवकर ओसरतं, पण तळमजला आणि मीटर रूम कुठल्या उंचीवर आहे ते बघायचंच. भिंतीवरची ओल रंगाखाली लपवता येते, मीटर रूमच्या लाकडी फळीवरचा पाण्याचा डाग कोणी लपवत नाही. नवीन सोय म्हणजे सुरक्षित असंही काही नाही, आचार्य अत्रे चौकाच्या मेट्रो स्थानकात उद्घाटनानंतर महिनाही व्हायच्या आत, २६ मे २०२५ ला, पाणी घुसलं होतं.

कागद, कागद, कागद

इथे वेळ घालवा. या पट्ट्यातली बिल्डिंग म्हणजे साधारण तीन-चार प्रकारांपैकी एक असते आणि प्रत्येकाचा खेळ वेगळा.

पहिला प्रकार पागडी. जुन्या चाळी आणि तीन-चार मजली बिल्डिंगी, मालक वेगळा, तुम्ही भाडेकरू, महिन्याचं भाडं काही शे रुपये. विकताना मालकाला हिस्सा द्यावा लागतो, साधारण ३३ टक्क्यांची पद्धत आहे, वरखाली होतं. भाव बाजूच्या ओनरशिपच्या मानाने बराच कमी दिसतो आणि माणूस मोहात पडतो. पण तुम्ही मालक होत नाही, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ खाली भाडेकरू होता, बँक सहसा कर्ज देत नाही, आणि पुढे तिसऱ्याला भाड्याने द्यायचं तर मालकाच्या परवानगीची भानगड. पागडीत पैसे फक्त एका गोष्टीवर लावले जातात, बिल्डिंग पाडून नवीन होईल आणि ओनरशिपचा फ्लॅट मिळेल. ते पाच वर्षांत होतं तसं तीस वर्षांतही होत नाही. पैसे अडकले तरी घर चालेल अशी स्थिती असेल त्यानंच तिकडे बघावं.

दुसरा सेस बिल्डिंग, म्हणजे उपकरप्राप्त, दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी बिल्डिंग. १ सप्टेंबर १९४० च्या आधीची ए कॅटेगरी, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतची बी, पुढे ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची सी. यांची दुरुस्ती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे, रिडेव्हलपमेंट विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली, आजूबाजूचे प्लॉट एकत्र केले तर ३३(९) चं क्लस्टर. दर पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक सेस बिल्डिंगींची यादी काढते, ती यादी बघितल्याशिवाय गिरगाव, भायखळा, परळला पाऊलच टाकू नका.

तिसरा, आपली नेहमीची को-ऑपरेटिव्ह सोसायटी, साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकातली, तीन-चार मजले, लिफ्ट असेल-नसेल. माझ्या मते भाडं आणि पुढचा फायदा दोन्ही हवं असेल तर बघण्यासारखा माल हाच. इथे विचारायचं असं की कन्व्हेयन्स झालंय का, सोसायटीच्या नावावर जमीन आली का, नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्सला, म्हणजे बिल्डर करून देत नसेल तेव्हा सरकारकडून करून घ्यायच्या कन्व्हेयन्सला, अर्ज तरी केलाय का. ओसी, म्हणजे पालिकेचा राहायच्या परवानगीचा दाखला, आहे का. तीस वर्षांवरच्या बिल्डिंगला स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, तो रिपोर्ट मागा, "आहे कुठेतरी" असं उत्तर आलं तर समजून जा. जमीन कोणाची तेही बघायचं. दादर-माटुंगा-सायनमधल्या पुष्कळ जमिनी जुन्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, म्हणजे आता पालिकेच्या लीजवर, शिवडी-रे रोडकडे पोर्टच्या, काही ठिकाणी कलेक्टरच्या. लीज म्हणजे वाईट असं नाही, पण ट्रान्सफरला परवानगी, प्रीमियम, आणि लीज कधी संपतंय हे आधी माहीत हवं.

रिडेव्हलपमेंटची चर्चा चालू असेल तर ती नेमकी कुठे पोचलीय ते सोसायटीच्या मिटिंगच्या मिनिट्समध्ये असतं, चहाच्या टपरीवर नसतं. ७९ए ची, म्हणजे सहकार कायद्याखालची रिडेव्हलपमेंटची, प्रक्रिया सुरू झाली का, पीएमसी (प्रकल्प सल्लागार) नेमला का, बिल्डर निवडताना ५१ टक्के सभासदांची संमती झाली का, डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट रजिस्टर झालं का, आयओडी, म्हणजे पालिकेची प्लॅनला पहिली मंजुरी, आली का. "बिल्डर फायनल आहे" याचा अर्थ यातलं काहीही असू शकतो. प्लॉट किती मोठा आणि समोरचा रस्ता किती रुंद हे स्वतः मोजल्यासारखं बघा, कारण एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल ते, त्यावर ठरतो, गल्लीतल्या छोट्या प्लॉटवर कितीही जवळ स्टेशन असलं तरी बिल्डरला परवडत नाही आणि बिल्डिंग तशीच राहते. कुर्ला, सांताक्रूझ, पार्ल्याकडे विमानतळाच्या फनेलमुळे, म्हणजे विमानं चढायच्या-उतरायच्या मार्गामुळे, उंचीची मर्यादा असते, तिथे तर वर्षानुवर्षं अडकलेल्या सोसायट्या आहेत.

चौथा नवा टॉवर. तिथे महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर जाऊन प्रोजेक्ट बघा, ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकललीय, किती फ्लॅट विकलेत, कोर्टकचेरी काय आहे, सगळं तिथे मिळतं. माझा टॉवरवरचा आक्षेप वेगळाय, एकाच वेळी शंभर-दीडशे मालक तोच वन बीएचके त्याच महिन्यात भाड्याला काढतात, मग भाडं पडतं. वरळी-लोअर परळला अजून गिरण्यांच्या जमिनींवरचं संपलेलं नाही आणि बीडीडी चाळींच्या जागी विक्रीचे टॉवर यायचेत. ते डोक्यात ठेवा.

भाव खरा काय चाललाय ते कळायला नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे. त्याच बिल्डिंगीतले किंवा शेजारचे अलीकडचे व्यवहार काढा, इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणीच्या सारांशावर, रक्कम लिहिलेली असते. लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची, पण नोंदणी होते, म्हणजे भाडं पण दिसतं. ब्रोकर ५५ हजार भाडं येईल म्हणाला आणि त्याच मजल्यावरचं ॲग्रीमेंट ४१ चं निघालं की पुढचं बोलणं आपोआप सोपं होतं.

हिशोब, गोड न करता

आकडे समजुतीसाठी घेतोय. समजा सायन पूर्वेला ४०० स्क्वेअर फूट कार्पेटच्या (भिंतींच्या आतली जागा) आसपास वन बीएचके, किंमत १ कोटी ६० लाख. स्टॅम्प ड्यूटी मुंबईत ६ टक्के, त्यात १ टक्का मेट्रो सेस आलाच, म्हणजे मेट्रो दाराशी असो वा नसो तिचे पैसे तुम्ही भरताय, झाले ९ लाख ६० हजार. बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी, मग घ्याच ना. रजिस्ट्रेशन ३० हजार. ब्रोकर एक टक्का धरला तर १ लाख ६०. रंग, प्लंबिंग, वायरिंग साडेचार लाख, जुन्या बिल्डिंगीत याच्या खाली होत नाही. म्हणजे १ कोटी ७६ लाख गेले.

भाडं ४२ हजार, वर्षाला ५ लाख ४ हजार. त्यातून एखादा महिना रिकामा जाणार, ४२ हजार. ब्रोकरला एक महिना, अजून ४२. मेंटेनन्स ५ हजारांप्रमाणे ६० हजार, किरकोळ दुरुस्ती २०. उरले ३ लाख ४० हजार, म्हणजे दोन टक्क्यांच्याही जरा खाली. ५०० फुटांच्या आतलं घर म्हणून प्रॉपर्टी टॅक्स माफ, तो धरलाच नाही. आता एक कोटीचं कर्ज ८ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता ८३-८४ हजार बसतो. म्हणजे भाड्यातून अर्धा हप्ता जेमतेम निघतो, उरलेला खिशातून. टॅक्समध्ये भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते ते ठीक, पण नव्या रिजीममध्ये व्याजामुळे झालेला तोटा पगारातून वजा होत नाही, सीए ला आधीच विचारा.

मग लोक घेतात कशाला? कारण खरी कमाई भाड्यात नाही, किंमत वाढण्यात आणि रिडेव्हलपमेंटला मिळणाऱ्या जादा जागेत आहे. म्हणूनच वर कागदांवर एवढं लिहिलं, भाड्याचे दोन टक्के घेत बसायचं असेल तर बँकेत एफडी आहे की. विकताना दोन वर्षांनंतर नफ्यावर साडेबारा टक्के टॅक्स, इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरायची सोय, आता नव्यानं घेतलेल्या घराला मिळत नाही, हे पण धरा.

५० लाखांच्या वरच्या घराला विकणाऱ्याचा १ टक्का टीडीएस, म्हणजे त्याच्या नावचा टॅक्स, तुम्ही कापून भरायचा असतो. दादर-माटुंग्यात मालक अमेरिकेत आणि फ्लॅट विकायला इथे मावशी, असं फार असतं. मालक एनआरआय असेल तर टीडीएस १ टक्का नाही, बराच जास्त, आणि कापला नाही तर मागे तुमच्याच लागतात. पासपोर्ट बघा, पॉवर ऑफ ॲटर्नी बघा, लाजू नका.

मग कुठे घ्यायचं

माझं मत विचाराल तर चुनाभट्टी आणि सायन पूर्व, कारण हार्बर आणि मध्य दोन्ही हाताशी, बीकेसी जवळ, भाव दादरसारखे नाहीत, फक्त पाण्याच्या गल्ल्या टाळून. माहीम-माटुंगा रोडची पश्चिम बाजू, जिथे लोकल आणि शीतलादेवीची मेट्रो दोन्ही चालत, पण तिथे बजेट तगडं लागतं. भायखळा-माझगाव मला अजूनही कमी भावातलं वाटतं, फास्ट लोकल आहे, जुन्या मोठ्या खोल्यांची घरं आहेत, फक्त पागडी-सेसचं जंगल आहे, वकील चांगला हवा. कुर्ल्याला भाडेकरू कधीच कमी पडत नाही, स्टेशनबाहेर बीकेसीच्या शेअर रिक्षांची रांग बघितली की कळतं, पण बिल्डिंग बघून, आणि पश्चिमेला मिठीपासून लांब. दादर-हिंदू कॉलनी राहायला स्वर्ग, गुंतवणुकीला माझ्या खिशाबाहेर. वरळी-लोअर परळचे टॉवर ज्यांचे पैसे ठेवायला जागा नाही त्यांच्यासाठी.

टोकन देताना पावतीवर लिहून घ्या की टायटल क्लिअर नसलं किंवा सोसायटीची एनओसी आली नाही तर पैसे परत, आणि किती दिवसांत. सोसायटी ट्रान्सफर फी २५ हजारांच्या वर घेऊ शकत नाही, भाड्याने दिलं म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांवर लावू शकत नाही, "बिल्डिंग फंडाला स्वखुशीने" म्हणून मागतात ते वेगळं, त्याचं आधीच बोलून घ्या. भाडेकरू आला की लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर करायचंच, ऑनलाइन घरबसल्या होतं, ११ महिन्यांचं असलं तरी नोंदणी लागते, न केल्याची जबाबदारी कायद्यानं मालकावर आहे. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन कळवायची. आणि ताबा जमल्यास एप्रिल-मे मध्ये मिळेल असं बघा, जूनमध्ये कॉलेजं, बदल्या, नवीन नोकऱ्या सुरू होतात तेव्हा भाडेकरू मिळायला वेळ लागत नाही, दिवाळीनंतर रिकामं झालेलं घर मात्र कधी कधी फेब्रुवारीपर्यंत कुलपात राहतं.